१७ महिन्यांचं बाळ, टँकची बॅच आणि दुपारची झोप: कसं जमवता?

ओलीचिंब

लेक १७ महिन्यांची आहे आणि पाण्याचं विलक्षण वेड आहे तिला. नळाचा आवाज आला की हातातलं टाकून बाथरूमकडे धावत सुटते. म्हणून गेल्या महिन्यापासून तिला सार्वजनिक टँकवर न्यायला लागले. लहान मुलांचा उथळ टँक वेगळा आहे, पाणी फार गार नसतं, तिथली माणसंही चांगली आहेत. घोडं अडतंय ते फक्त वेळेवर.

पब्लिक बॅच तीनच. रोज सकाळी ११ ते १२, रोज संध्याकाळी ५ ते ६, आणि रविवारी सकाळी ९ ते १० ही एक जादा. लेक ६:३० ला उठते. सकाळची झोप सुटत चालली आहे, म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस ९:३० च्या सुमाराला अर्धा-पाऊण तास झोपते, बाकी दिवस अजिबात नाही. दुपारची मोठी झोप १२:३० ते २:३०. रात्री ८ ला गुडुप.

मंगळवारी ११ ची बॅच गाठली. ती इतकी रमली होती की १२ वाजेपर्यंत पाण्यातच होतो. मग चेंजिंग रूममध्ये बाकावर उभी करून कपडे घालत होते. एक पाय पँटमध्ये, दुसरा बाहेर, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून जांभया देत देत रडत होती. पोटात कालवलं माझ्या. परतताना गाडीत दहा मिनिटं डोळा लागला आणि घरी उचलून ठेवलं तर टक्क जागी. दुपारची झोप गेली ती गेलीच. ५ वाजल्यापासून रडारड, रात्रीचं जेवण नाही, आणि रात्री तीनदा उठली.

टँक सोडायचा नाहीये. पण तिची झोप मोडून पोहायला नेणंही पटत नाही. तुम्ही कसं बसवता?

दुपारसावली

ओलीचिंब, तुझी बॅच चुकलेली नाही, बाहेर पडायची वेळ चुकली. मीही पहिल्या मुलाच्या वेळी अगदी हेच केलं होतं. बॅच तासाची आहे म्हणून तासभर पाण्यात राहायचं, असं आपण धरून चालतो. बॅच संपायची वेळ टँकची असते. बाळाची वेळ बाळाकडून काढायची.

झोपेपासून उलटं मोजत ये. १२:३० ला पलंगावर पाठ टेकायची आहे. त्याआधी जेवण, म्हणजे १२ ला ताटासमोर. तुला गाडीने किती वेळ लागतो ते लिहिलं नाहीस, पंधरा मिनिटं धरते. म्हणजे ११:४५ ला टँकच्या फाटकातून बाहेर. पुसणं, कपडे, आवरणं याला वीस मिनिटं लागतातच, कितीही हात चालवलास तरी. म्हणजे ११:२५ ला पाण्याबाहेर. दारं उघडल्या उघडल्या ११ ला आत गेलीस तर पंचवीस मिनिटं मिळतात. या वयाला तेवढी पुरतात.

ती पंचवीस मिनिटं पूर्ण मिळावीत म्हणून जाताना दोघींनी घरूनच आतून कॉस्च्युम घालून निघायचं. स्विम डायपर मात्र घरून घालू नकोस. त्यात शू थांबत नाही, गाडीची सीट भिजते. साधा डायपर घालून न्यायचं आणि तिथे बदलायचं. आणि सगळ्यात वर, पिशवी उघडल्या उघडल्या हाताला लागेल असा, टोपीचा टॉवेल. पिशवीत शेवटी लागणारी वस्तू तळाला आणि आधी लागणारी वर, या एका सवयीने माझी पाच मिनिटं वाचली.

नातवंडांची आजी

पोरी, त्या दहा मिनिटांच्या डुलकीचं सांगते. आपण जेवायच्या आधी दोन घास खाल्ले की भूक मोडते ना, तशीच झोपेचीही भूक मोडते. घरी आणून कितीही थोपटलंस तरी मग झोप लागत नाही. पोहल्यावर मूल दमलेलं असतं, गाडीच्या हालचालीने डोळे मिटायला लागतात. मी नातीशेजारी मागे बसते आणि रस्त्यात दिसेल ते दाखवत राहते. गाणं म्हटलं तर ती झोपते, म्हणून गाणं नाही. हातात एखादी गार, खडबडीत वस्तू द्यायची, तिच्याशी चाळा करत बसते.

तू एकटीच गाडी चालवत असशील तर तुझं लक्ष रस्त्यावरच राहू दे. झोपली तर झोपली. त्यापेक्षा निघायच्या आधीच तिथल्या बाकावर बसवून जेवू घाल. चालत्या गाडीत खायला देऊ नकोस, घशात अडकलं तर तुला कळायचंही नाही. जेवण आटोपलेलं असलं की गाडीत लागलेली झोपच दुपारची झोप. घरी आल्यावर उचलून पलंगावर ठेव. उठलीच नाही तर उत्तम. गाडीच्या सीटमध्ये मात्र तशीच झोपवून ठेवू नकोस, मान पुढे पडते.

रातपाळी

बाबा आहे, मुलगा २० महिन्यांचा. माझी रात्रपाळी असते, ७ ला घरी येतो. आमच्या टँकची सकाळची बॅच ९ ची आहे. मी न झोपता त्याला घेऊन ९ ला जातो, ९:३० ला बाहेर, १० ला घरी. खाऊन खेळतो, आणि १२ ला आम्ही दोघंही झोपतो. बायकोला सकाळी कामाला जाता येतं. गेले तीन महिने हेच चालू आहे. ओलीचिंब, रविवारची ९ ची बॅच बघा. एकच झोप घेणाऱ्या मुलाला ती सगळ्यात सोयीची. झोपेला तीन तास बाकी असतात, घाई नाही.

पाणकावळा

मी बारा वर्षं टँकवर लाइफगार्ड आहे आणि लहान मुलांच्या बॅचही घेतो. वेळेबद्दल वर चांगलं लिहिलंय, मी पाण्याबद्दल लिहितो, कारण बाळ किती वेळ टिकणार हे पाणीच ठरवतं.

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. शिवाय लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त, त्यामुळे ते मोठ्या माणसाच्या किती तरी आधी गारठतं. स्पर्धेच्या टँकचं पाणी नियमाप्रमाणे २५ ते २८ अंश सेल्सिअस असतं. पोहणाऱ्याला ते छान, कारण तो हातपाय मारत असतो. तुमच्या कडेवरचं बाळ नुसतं बसलेलं असतं, त्याला ३० ते ३२ अंश लागतं. बऱ्याच टँकवर तापमान फळ्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा. मोठ्या टँकच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, कोमट उथळ टँकमध्ये वीस ते तीस, असा माझा हिशोब आहे. ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरली की लगेच बाहेर. आणि याच्याही आधीची खूण म्हणजे मूल गप्प होतं. इतका वेळ पाणी उडवणारं मूल हात छातीशी घेऊन नुसतं बघत बसलं की ते शांत झालंय असं आई-बाबांना वाटतं. बहुतेक वेळा ते गारठलेलं असतं. ओलीचिंब, तुमची लेक तासभर पाण्यात होती. चेंजिंग रूममधलं रडणं निम्मं झोपेचं आणि निम्मं गारठ्याचं असावं.

कॉस्च्युमचा रंग भडक घ्या, नारिंगी किंवा गडद गुलाबी. निळा आणि पांढरा पाण्यात विरघळून जातो, वरून बघताना आम्हालाही दिसत नाही.

रातपाळीदादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रात्रभर जागलेल्या माणसाने एकट्याने २० महिन्यांच्या मुलाला पाण्यात नेऊ नये. मूल बुडताना आवाज होत नाही. हात वर करून हाका मारणं वगैरे प्रत्यक्षात घडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की ओरडायला श्वासच उरत नाही, आणि सगळं मिनिटाच्या आत होतं. जेमतेम घोट्याएवढ्या पाण्यातही होतं. बाळ कायम हाताच्या अंतरावर हवं, आणि त्या हाताला जाग हवी. दंडाला बांधायचे फुगे किंवा रिंग यांच्यावर विसंबू नका. ती खेळणी आहेत. काठावर आम्ही असतो, पण आमची नजर तीस माणसांवर फिरत असते.

रातपाळी

वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही. मागच्या आठवड्यात काठाला टेकून उभा असताना माझे डोळे क्षणभर मिटले होते. मुलगा माझ्या हातातच होता, पण मिटले होते हे खरं. ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आजपासून पाळीनंतरचं बंद. सुट्टीच्या दोन दिवशीच नेईन. सांगितलंत, फार बरं केलंत.

जोडगोळी

आमची जुळी आहेत, २२ महिन्यांची. दुपारसावलीशी मी पूर्ण सहमत नाही. झोप हलवायचीच नाही असा नियम केला असता तर आम्ही कधीच पाण्यात उतरलो नसतो. आम्ही संध्याकाळची बॅच घेतो आणि त्या दिवशी दुपारची झोप अर्धा तास अलीकडे आणतो. सकाळी अर्धा तास लवकर उठवायचं, जेवण ११:३० ला, झोप १२ ला. २ ला उठली की ५ वाजता ताजीतवानी असतात. ५:३० ला बाहेर. टँकवरच शॉवर देऊन थेट रात्रीचे कपडे घालतो, त्यामुळे घरी आंघोळीचा फेरा वाचतो. ६:१५ ला जेवण, ७:३० ला झोप. पोहण्याच्या दिवशी रात्री दोघंही गाढ झोपतात.

फक्त एक. दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं हवीतच. एकटीने दोघांना घेऊन मी एकदाही उतरलेले नाही. नवऱ्याला यायला उशीर झाला तर आम्ही काठावरून पाणी बघतो आणि परत येतो. मुलं रडतात, तरी परत येतो.

दुपारसावली

जोडगोळी, तुमची २२ महिन्यांची आहेत आणि एका झोपेवर स्थिरावलेली आहेत, म्हणून अर्धा तास हलतो. ओलीचिंबची लेक दोनवरून एकावर येतेय. साधारण १४ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुलं हा बदल करतात आणि तेव्हा सगळं आधीच डळमळीत असतं. त्यात आणखी एक धक्का नको, एवढंच माझं म्हणणं. पण रात्रीचे कपडे टँकवरच घालायचं मला सुचलं नव्हतं. उद्यापासून मीही तेच करणार.

ओलीचिंब

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकावळा, ती शेवटची पंधरा मिनिटं अगदी तशीच, हात छातीशी घेऊन बसली होती. मला वाटलं रमलीये. वाईट वाटलं.

दुपारसावली, गाडीने बारा मिनिटं लागतात. एक विचार आलाय, बरोबर आहे का सांगा. ज्या दिवशी ती ९:३० ची झोप घेते त्या दिवशी दुपारची झोप आपोआप १:३० च्या पुढे जाते. म्हणजे त्या दिवशी ११ ची बॅच निवांत होते. ज्या दिवशी सकाळी झोपत नाही त्या दिवशी ११ ला जायचंच नाही, त्याऐवजी संध्याकाळी ५. म्हणजे मंगळवार-गुरुवार असे वार न ठरवता सकाळी १० ला तिच्याकडे बघून ठरवायचं.

दुपारसावली

अगदी बरोबर! वार धरून चालणं हे शाळेतल्या मुलांचं. या वयात दिवस बघून ठरवायचं. पिशवी रोज भरलेली ठेव, म्हणजे आयत्या वेळी ठरवता येतं. आणि एक सांगते. दोन्हींपैकी काहीच जमत नसेल तर त्या दिवशी नाही. चोवीस तासांतली एकूण झोप बघत जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. मी आठवडाभर कागदावर लिहून काढलं होतं. पोहण्याच्या दिवशी मुलाची झोप दीड तासाने कमी होत होती, ते त्या कागदामुळेच कळलं.

सांजवारा

मध्येच विचारते. मुलीला परवा जुलाब होत होते, काल थांबले, आज हसतेय-खेळतेय. उद्या बॅचला नेऊ का? स्विम डायपर घालणारच आहे.

पाणकावळा

नको. स्विम डायपर घट्ट शी थोडा वेळ अडवतो, पातळ शी नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, तो क्लोरीन नीट राखलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो, आणि पाण्याचा एक घोट पोटात गेला तरी लागण होते. लहान मुलं तर घोट घेतातच. जुलाब असेपर्यंत पाण्यात अजिबात नाही. थांबल्यावरही काही दिवस जाऊ द्या. डॉक्टरांनी क्रिप्टोचं निदान केलं असेल तर थांबल्यापासून दोन आठवडे. एका मुलामुळे अख्खा टँक रिकामा करावा लागतो तेव्हा सकाळपासून वाट बघत बसलेल्या सगळ्या पोरांचा दिवस जातो.

याला जोडूनच. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या, तुम्हीही आणि बाळही. टँकवर जो उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, त्याला सगळे क्लोरीन जास्त झालं म्हणतात. खरं तर घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून जे क्लोरामाइन तयार होतं त्याचा तो वास. एक मिनिटाच्या शॉवरने बराच फरक पडतो. आणि डायपर दर अर्ध्या तासाने बघा, बदलायचा तो चेंजिंग रूममध्ये, काठावर नाही.

नातवंडांची आजी

खाण्याचं कुणी लिहिलं नाही. भरल्या पोटी पोहलं की पेटके येऊन बुडतात असं आम्हाला लहानपणी सांगायचे. तसं काही होत नाही म्हणतात. पण लहान मूल भरल्या पोटी पाणी गिळतं, खिदळतं आणि ओकतं, हे मात्र मी पाहिलंय. जाण्याआधी तासभर थोडंसं खाऊ घाल, पोटभर नको. आणि पाण्यातून काढल्या काढल्या, कपड्यांच्याही आधी, टॉवेलात गुंडाळून हातात खाऊ दे. पोहून आलेल्या पोराला भूक कडकडून लागते. ती भागली की निम्मं रडणं थांबतं. मग आरामात पँट चढव.

ओलीचिंब

तीन आठवडे झाले, कळवायचं राहून गेलं होतं.

एकूण सात वेळा गेलो. चारदा सकाळी, दोनदा संध्याकाळी, एकदा रविवारी. रविवारची ९ ची बॅच आमच्यासाठी नाही. इतकी गर्दी आणि उथळ टँकवर इतका आरडाओरडा की ती माझी मान सोडायलाच तयार नव्हती. दहा मिनिटांत निघून आलो. वेळ सोयीची असूनही ती सोडली.

सकाळच्या चारपैकी तीन दिवस तिने ९:३० ची झोप घेतली होती आणि सगळं सुरळीत झालं. चौथ्या दिवशी ती झोपली नव्हती, तरी मला मोह झाला आणि नेलं. ११:२५ ला घड्याळ बघून बाहेर काढलं. बाकी सगळी मुलं पाण्यात खेळत होती. ती हात टँककडे करून जी रडायला लागली! आधी मला अपराधी वाटलं. मग आम्ही पायरीवर बसलो, तिचे पाय पाण्यात, आणि दोघींनी मिळून पाण्याला टाटा केला. एकदा, दोनदा, दहादा. मग स्वतःच वळली आणि टॉवेल मागितला. त्या दिवशी १२:३५ ला झोपली ती २:४० ला उठली. आता प्रत्येक वेळी पाण्याला टाटा करूनच निघतो. घड्याळात २५ मिनिटं झाली की मी "टाटा करूया का" म्हणते आणि ती हात हलवायला लागते.

संध्याकाळच्या बॅचला जोडगोळींचं ऐकून रात्रीचे कपडे नेले. घरी पोचलो तेव्हा फक्त जेवण आणि झोप उरली होती. माझ्यासाठी तो सगळ्यात सुखाचा दिवस.

आजी, टॉवेलात गुंडाळून खाऊ देण्याने चेंजिंग रूमचं रडणं संपलंच. आता फक्त केस वाळायला वेळ लागतो.

नातवंडांची आजी

जुन्या मऊ सुती पंच्याने टिपून घे, घासू नकोस. टॉवेलपेक्षा लवकर शोषतो. आणि कानाची पाळी खाली ओढून डोकं एका बाजूला कलतं कर, आत साचलेलं पाणी येतं बाहेर.

रातपाळी

आज सुट्टी होती. रात्री आठ तास झोपलो आणि ९ च्या बॅचला गेलो. मुलगा पहिल्यांदाच पायरीवरून स्वतः माझ्याकडे झेपावला. मी पूर्ण जागा होतो.

सांजवारा

आम्ही दहा दिवस थांबून गेलो. ११ च्याच बॅचला. ओलीचिंब, उद्या सकाळी १० ला लेकीकडे बघून काय ठरलं ते इथे लिहा, आम्हीही पिशवी भरून बसतो.